आमच्या माहीमचं विज्ञानकथा संमेलन

भिशीच्या दिवशी आपण बायका काय करतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. चिठ्ठी निघते, जिची निघते ती खूश, बाकीच्या 'पुढच्या वेळी माझीच' म्हणत पोह्यांवर ताव मारतात. माहीमच्या आमच्या इमारतीतली भिशी गेली कित्येक वर्षं अशीच चालली होती. चार वर्षांपूर्वी, करोनानंतर पुन्हा भेटायला लागलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, नुसत्या चिठ्ठ्या काय काढायच्या, एखादं पुस्तकही वाचूया. तेव्हापासून महिन्यातून एकदा वाचन असतं. कधी शांताबाई, कधी गौरी देशपांडे, कधी दिवाळी अंकातली एखादी कथा. आम्ही सगळ्या मिळून अकराजणी. एक निवृत्त बँकवाल्या, एक शाळेत गणित शिकवणारी, एक केटरिंग करणारी, बाकी आम्ही घर सांभाळणाऱ्या. लालबागहून माझी नणंद येते, गिरगावातून एक मैत्रीण.

20 मे 2025 ला डॉ. जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली, त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग शाळेतल्या बाईंनी विचारलं, "हात सगळ्यांनी जोडले, पण त्यांची एक तरी गोष्ट कुणी वाचलीय का?" खरं सांगते, फोन खाली ठेवावासा वाटला. अकरांपैकी चौघींनी वाचली होती, त्याही शाळा-कॉलेजात असताना. मग ठरलं. 19 जुलै हा त्यांचा जन्मदिवस (जन्म 1938 चा, कोल्हापूरचा), त्या दिवशी शनिवार होता. दुपारी तीन ते सात फक्त नारळीकरांच्या गोष्टी. सोसायटीची खोली मिळाली. बँकवाल्या म्हणाल्या, "हे आपलं विज्ञानकथा संमेलन!"

थट्टेनं म्हणाल्या, पण अशी संमेलनं जगात खरोखर भरतात. माझ्या भाचीनं अमेरिकेतून सांगितलं, तिकडे विज्ञानकथेच्या वाचकांचं जागतिक संमेलन 1939 साली न्यूयॉर्कला सुरू झालं, मधली महायुद्धाची काही वर्षं सोडली तर दर वर्षी होतं, आणि लोक तिथे परग्रहावरच्या माणसांसारखे कपडे घालून येतात. हे ऐकून आमच्या नणंदबाई काळी चंद्रकळा नेसून आल्या. विचारलं तर म्हणाल्या, "मी कृष्णविवर आहे."

पाऊस धो धो. लेडी जमशेटजी रोडवर गाड्या नुसत्या उभ्या. गिरगावची मैत्रीण तासभर उशिरा आली, पण येताना माहीमचा हलवा घेऊन आली. (माहीममध्ये राहणाऱ्यांना कुणी माहीमचा हलवा आणला की हसू येतं, पण खातो आम्ही.)

सुरुवात 'कृष्णविवर'पासून करायची, हे ठरलेलंच होतं, कारण नारळीकरांची कथालेखक म्हणून सुरुवात तिथूनच झाली. ती हकीगत तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तीत एक बाई आहे.

साल 1974. केंब्रिजहून परतलेले नारळीकर तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. जगभर नाव झालेलं. मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथेची स्पर्धा जाहीर केली होती. अहमदाबादला एका चर्चासत्रात कुणाचं तरी कंटाळवाणं व्याख्यान चालू होतं, तेव्हा या गृहस्थांनी समोरच्या कागदावर गोष्ट लिहायला घेतली. आपण पाटीमागे नाडीचा खेळ खेळायचो ना, तसंच! पण स्वतःच्या नावानं पाठवली तर परीक्षक नाव बघूनच बक्षीस देतील, अशी त्यांना धास्ती. म्हणून नाव घेतलं नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी केली की तयार. उरलं अक्षर. परिषदेची मंडळी त्यांचं अक्षर ओळखत होती. मग गोष्ट उतरवून काढली त्यांच्या पत्नीनं, मंगला नारळीकरांनी. पहिलं बक्षीस मिळालं. मागाहून उलगडा झाला, जगताप कोण ते कळलं, आणि 'किर्लोस्कर'च्या मुकुंदराव किर्लोस्करांनी आणखी गोष्टी लिहायला लावल्या. पुढच्याच वर्षी, 1975 साली, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना दुर्गाबाई भागवतांनी या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. मराठी कथेला ही नवी दिशा आहे, हे ओळखणारी पहिल्या काही माणसांतली एक बाईच होती म्हणायची.

मंगलाताई गणिती होत्या, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं. मूळच्या राजवाडे. लग्नाआधी त्याही टाटा संस्थेत संशोधन करत होत्या. लग्न झालं, नवऱ्याबरोबर केंब्रिजला गेल्या, परत आल्या, मुली, सासू-सासरे, येणारे-जाणारे. पीएच.डी. झाली 1981 साली, लग्नाला पंधरा-सोळा वर्षं होऊन गेल्यावर. 'गणिताच्या सोप्या वाटा' हे पुस्तक त्यांचं. 'बालभारती'च्या गणिताच्या पुस्तकांत 2019 मध्ये 'एकवीस'च्या बरोबरीनं 'वीस एक' आलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? त्या समितीच्या प्रमुख त्याच होत्या. लहान पोरांना जोडाक्षरांचं आणि उलट्या क्रमाचं ओझं नको, एवढंच त्या शांतपणे सांगत राहिल्या. जुलै 2023 मध्ये त्या गेल्या.

"म्हणजे मराठीतल्या एवढ्या गाजलेल्या विज्ञानकथेचं हस्तलिखित बायकोच्या अक्षरातलं," केटरिंगवाली म्हणाली, "आणि ती स्वतः गणितातली विदुषी. तिला काय वाटलं असेल उतरवताना? चुका काढल्या असतील का?" यावर आम्ही दहा मिनिटं वाद घातला. मला विचाराल तर काढल्या असणार. गणिताच्या बाईला चूक दिसल्यावर गप्प बसवत नाही, आमच्याकडच्या बाईंवरून सांगते.

आता आपल्या भाषेत, कृष्णविवर म्हणजे काय? एखाद्या मोठ्या ताऱ्याचं इंधन संपलं की तो स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो, इतका की त्याच्या ओढीतून उजेडही सुटत नाही. आणि त्याच्या जवळ काळ मंदावतो. म्हणजे तिथं कुणी चार दिवस काढून परत आलं, तर इथं वर्षानुवर्षं उलटून गेलेली असू शकतात. नणंदबाई म्हणाल्या, "सकाळी सहा ते आठ आमच्या स्वयंपाकघरात ते एक बसवून द्या. डबे तरी होतील."

असं हसत-खिदळत चाललं होतं. 'गंगाधरपंतांचे पानिपत' शाळेतल्या बाईंनी वाचली. पानिपतात विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, मराठे जिंकले, तर पुढचा हिंदुस्थान कसा असता, अशी ही गोष्ट. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगातल्या मुंबईत उतरतात आणि तिथे ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अजून चालू असतो! आपलं व्ही.टी. स्टेशन, टाउन हॉलचं ग्रंथालय, आझाद मैदान, सगळं ओळखीचं आणि तरी परकं. गिरगावच्या मैत्रिणीचे डोळे मोठे झाले. ही गोष्ट इंग्रजीत सीबीएसईच्या अकरावीच्या पुस्तकातही गेली. नातवानं मार्कांसाठी वाचली आणि आजीनं मराठीतून आत्ता, असंही आमच्यात एका घरी घडलं.

'धूमकेतू'वर मात्र भांडण झालं. त्यातला दत्तदा रात्र-रात्र गच्चीत दुर्बीण लावून बसतो, नवा धूमकेतू शोधतो आणि जगभर त्याचं नाव होतं. त्याची बायको, इंद्राणीदेवी, अंधश्रद्ध दाखवली आहे. धूमकेतू म्हणजे अशुभ, म्हणून ती यज्ञ करवते. लेखकाला म्हणायचंय ते बरोबरच आहे, धूमकेतू काही यज्ञानं वळत नाही. पण बँकवाल्या म्हणाल्या, "नवरा आकाशात, मग घरातली भीती तिनं कुणाला सांगायची? त्यानं एकदा तरी तिला त्या दुर्बिणीतून दाखवलं का?" मलाही हे पटलं. नारळीकरांच्या गोष्टींत बायका थोड्या आणि कडेकडेच्या आहेत, हे म्हणायला हरकत नाही. आदर आहे म्हणून तेवढं न बोलणं बरं नव्हे, आणि त्यांनाही ते आवडलं नसतं.

चहा झाला. आता माझी पाळी होती आणि माझ्या हातात होती 'पुत्रवती भव'.

'यक्षांची देणगी' हा संग्रह 1979 चा. 'पुत्रवती भव' त्यातलीच. हमखास मुलगाच होईल असा उपाय विज्ञानानं हाती दिला, तर आपल्या समाजाचं काय होईल, असा तिचा विषय. गोष्ट मी सांगत नाही, तुम्ही वाचा. नारळीकरांना स्वतःला तीन मुली, तिघीही विज्ञान-संशोधनात आणि संगणकात नाव काढलेल्या, एवढंच सांगते.

ही गोष्ट यादीत मीच घातली होती. पण त्या दिवशी खोलीत माझ्या मोठ्या जाऊबाईही येऊन बसल्या होत्या. त्या एरवी येत नाहीत. सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात. पावसात घरी एकटं बसवेना म्हणून खाली उतरल्या. त्यांना बघून माझा हात पुस्तकावरच राहिला.

का, ते सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे. "लिही, नाव घालू नकोस," म्हणाल्या.

1984 चा पावसाळा. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. माहीममध्येच चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. जाऊबाईंना दोन मुली, आणि तिसऱ्यांदा दिवस राहिलेले. गर्भजल परीक्षा हा शब्द तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा आला. ती चाचणी खरं तर बाळात काही व्यंग आहे का, हे बघायची. पण मुंबईत तेव्हा जाहिराती उघड लागायच्या, आत्ता पाचशे खर्च करा, पुढचे पन्नास हजार वाचवा अशा अर्थाच्या. पन्नास हजार म्हणजे हुंडा, हे लिहावं लागत नव्हतं. कुठल्या दवाखान्यात, कुणी ठरवलं, ते जाऊ दे. सासूबाईंनी ठरवलं, दीर काही बोलले नाहीत, आणि एक दिवस जाऊबाई पिशवी घेऊन गेल्या. मग काही दिवसांनी पुन्हा गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. चेहरा पांढराफटक. शेजारी विचारलं की सांगायचं, 'पडलं.' सासूबाई मला सवयीनं म्हणाल्या, "अळीव भिजत घाल गं." मी डबा काढला, आणि त्याच म्हणाल्या, "नको, राहू दे." तो अळिवाचा डबा हातात धरून मी किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक.

आणि त्या वेळी 'यक्षांची देणगी' घरात होतं. माझ्या नवऱ्यानं वाचनालयातून आणलेलं. मी 'पुत्रवती भव' वाचली होती. वाचून मला काय वाटलं? 'वहिनींना दाखवावी' असं वाटलं. आणि मग वाटलं, कशाला, घरात भांडण होईल, मी धाकटी. पुस्तक मी फडताळात साड्यांच्या खाली सरकवून ठेवलं, त्यांच्या हाती लागू नये म्हणून. उशिरा परत गेलं तेव्हा दंडही भरला. एवढी वर्षं मी सासूबाईंना दोष देत आले. साड्यांखाली पुस्तक ठेवणारे हात माझे होते, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर त्या शनिवारी मी म्हटलं, "ही लांब आहे, दुसरी एखादी घेऊ." जाऊबाई म्हणाल्या, "वाच."

मी वाचली. आवाज मध्ये दोनदा बसला. पाणी प्यायले.

संपल्यावर थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. मग शाळेतल्या बाईंनी आकडे सांगितले. त्यांचं काम असतंच तयार. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे आपल्या महाराष्ट्रात 1991 ला 946 मुली होत्या. 2001 ला 913. 2011 ला 894. त्या वेळी बीड जिल्ह्यात तर 807. अशा चाचण्यांविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानंच केला, 1988 साली. त्यासाठी मुंबईतल्या बायकांच्या संघटना आणि काही डॉक्टर रस्त्यावर उतरले होते. केंद्राचा कायदा 1994 चा. गर्भ राहण्याआधीच मुलगा निवडायच्या तंत्रांवर बंदी घालायला मात्र 2003 उजाडलं. म्हणजे एका खगोलशास्त्रज्ञानं 1979 च्या पुस्तकात जी काळजी केली, ती कायद्याच्या कागदावर यायला इतकी वर्षं लागली. मागाहून करणं आणि आधी बघणं, यातलं अंतर मला तेव्हा नीट कळलं. विज्ञानकथा म्हणजे उडत्या तबकड्या, असंच मी धरून चालले होते.

आमच्यातली सगळ्यात धाकटी, तिशीतली, कळवळून म्हणाली, "पण शिकलेल्या बायकासुद्धा तयार कशा व्हायच्या? नाही म्हणायचं ना!"

कुणी काही बोललं नाही. मी खाली बघत होते. जाऊबाई म्हणाल्या, "मला कुणी विचारलं नव्हतं, बाळा. पण मी नाहीही म्हटलं नव्हतं." थांबून म्हणाल्या, "पाचवा महिना होता."

ती पोरगी रडायलाच लागली. जाऊबाईच तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि पुस्तकाची ती हकीगत सांगितली, सगळ्यांसमोर. साड्यांखालची. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दिलं असतंस तरी मी गेलेच असते गं तेव्हा. पण दिलं असतंस तर बरं झालं असतं." या वाक्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. लिहून ठेवते आहे, एवढंच.

त्यांच्या दोन्ही मुली आज त्यांना फुलासारखं जपतात. थोरली ठाण्याला, धाकटी इथेच जवळ. पण हे सांगून मला काही गोड करायचं नाही. मुली म्हातारपणी बघतात म्हणून मुली हव्यात, हाही पुन्हा हिशेबच झाला.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही वाचनालय असेल, जुनं, कपाटं कुलुपात असलेलं. तिथे 'यक्षांची देणगी' बहुधा असेलच. नसलं तर 'वामन परत न आला' किंवा 'प्रेषित' असेल. मागून बघा. शास्त्र कळत नाही, असं म्हणू नका, आम्हालाही सगळं कळलं नाही. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी शेंगा सोलत ऐकायचं, आवडलं नाही तर भांडायचं. ज्यांना शास्त्र कळतं त्यांनीही मराठीत सांगायचं सोडलं नाही, म्हणून तर आपल्यापर्यंत आलं. नाशिकच्या 94 व्या साहित्य संमेलनाचे नारळीकर अध्यक्ष होते, डिसेंबर 2021 मध्ये. तब्येतीमुळे त्यांना प्रत्यक्ष जाता आलं नाही. पण त्या खुर्चीवर विज्ञानकथा लिहिणाऱ्याचं नाव लागलं, हे काय कमी झालं?

दर वेळी आम्ही एका वहीत नोंद ठेवतो, कोण आलं, काय वाचलं, खर्च किती. त्या दिवशी वही जाऊबाईंकडे दिली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. चाळीत सगळ्यांच्या लग्नाच्या याद्या त्याच लिहायच्या. त्यांनी चष्मा पुसून सावकाश सगळं उतरवलं. हजेरी अकरा अधिक एक. हलवा, वडे, चहा. 'कृष्णविवर', 'गंगाधरपंतांचे पानिपत', 'धूमकेतू', आणि पुढे 'पुत्रवती भव, चर्चा झाली.' मग विचारलं, "पुढच्या वेळी काय?" बँकवाल्यांनी शुभदा गोगट्यांच्या 'यंत्रायणी'चं नाव सुचवलं.

"बाईनं लिहिलंय?" जाऊबाई म्हणाल्या. "मग ते मला आधी द्या. मी घरी वाचून ठेवते."

'पुत्रवती भव'चं पुस्तकही त्या घेऊन गेल्या, पावसात भिजू नये म्हणून पदराखाली धरून.